चिकट राळेतले पांढरे तंतू

साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनच्या ड्यूपाँ कंपनीच्या एक्सपेरिमेंटल स्टेशनमध्ये, साठीकडे झुकलेला एक रसायनज्ञ एक फिनॉल, म्हणजे बेंझीन कड्याला हायड्रॉक्सिल गट जोडलेलं संयुग, बनवायला बसला होता. फ्लास्कमध्ये तयार झाली एक तपकिरी, चिकट राळ. अल्कोहोलने धूत, ढवळत तिच्यातून हवा तो पदार्थ वेगळा करताना थोडेसे पांढरे, रेशमी, तंतुमय स्फटिक हाती आले. उतारा ०.४ टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम मिळायला हवे तिथे अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राची, म्हणजे रेणूंनी एकमेकांना कायमच्या बंधाने न जोडता ओळखण्याच्या आणि धरून ठेवण्याच्या शास्त्राची, सुरुवात बहुतेक पाठ्यपुस्तकं या स्फटिकांपासून सांगतात. त्या रसायनज्ञाचं नाव चार्ल्स पेडरसन.

ही गोष्ट नेहमी योगायोगाची म्हणून सांगितली जाते. अशुद्ध कच्चा माल वापरला, भलतंच काही तयार झालं, नशिबाने नोबेल मिळालं. हे मला पटत नाही. अशुद्धी जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत रोज तयार होतात. ०.४ टक्क्यांच्या अशुद्धीला कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणत्या क्रमाने, हे पेडरसन यांना माहीत होतं, आणि ते माहीत व्हायला त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली होती. म्हणून त्यांच्या कामाकडे बघताना त्या एका दुपारपेक्षा आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

जन्म १९०४ चा, कोरियातल्या बुसानचा. वडील नॉर्वेचे मरीन इंजिनिअर, आई जपानी. उत्तर कोरियात उनसान इथे अमेरिकन कंपनीच्या सोन्याच्या खाणी होत्या, वडील तिथे कामाला. थंडीत लांडगे आणि सैबेरियन वाघ फिरायचे असा तो मुलूख. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी नागासाकीला पाठवलं, मग योकोहामाच्या सेंट जोसेफ कॉलेजात. १९२२ मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग, आणि त्यानंतर एमआयटीत ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मास्टर्स पदवी. पीएच.डी. करा असा आग्रह झाला, पण वडिलांच्या पैशांवर आणखी शिकायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि १९२७ मध्ये ते ड्यूपाँत रुजू झाले. पुढची ४२ वर्षं तिथेच. विज्ञानातलं नोबेल मिळालेल्या, पण पीएच.डी. नसलेल्या मोजक्या लोकांत त्यांचं नाव येतं. याचं कौतुक फार होतं. मला त्यापेक्षा त्यांनी त्या कंपनीत सुरुवातीला काय काम केलं ते जास्त मोलाचं वाटतं.

न्यू जर्सीतल्या डीपवॉटरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत त्यांनी आधी टेट्राएथिल लेडच्या, म्हणजे तेव्हा पेट्रोलमध्ये घालत त्या शिशाच्या संयुगाच्या, उत्पादनाची पद्धत सुधारली. त्यानंतर त्यांच्याकडे पेट्रोलचा एक त्रासदायक प्रश्न आला. साठवलेल्या पेट्रोलमध्ये काही महिन्यांत चिकट गोंद धरतो. हवेतला ऑक्सिजन त्यातल्या असंतृप्त हायड्रोकार्बनांशी जोडला जातो, म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घालतात. पण पेट्रोल शुद्ध करताना वापरलेल्या तांब्याचा नुसता अंश जरी राहिला, तरी तो तांब्याचा आयन ऑक्सिडेशनला इतका वेग देतो की अँटिऑक्सिडंट फुकट जातं. तांबं काढून टाकणं महाग. पेडरसन यांनी ते काढलं नाही, गुंडाळलं. सॅलिसिलाल्डिहाइडचे दोन रेणू आणि १,२-डायअमिनोप्रोपेनचा एक, यांच्या संयोगातून होणारा रेणू आपले दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन चार बाजूंनी तांब्याला लावतो. तांबं पेट्रोलमध्येच राहतं, पण त्याला हात-पाय हलवता येत नाहीत. असे मेटल डीअॅक्टिव्हेटर आजही इंधनात आणि वंगणात अगदी थोड्या प्रमाणात घातले जातात.

धातूला असं वेढून धरणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात. पेडरसन यांचं मन या वेढण्यात अडकलं ते कायमचं. त्यानंतरच्या दोन दशकांत अँटिऑक्सिडंट, रंगद्रव्यं, फोटोकेमिस्ट्री असं पुष्कळ काही हाताळलं, पण धातू आणि त्याला धरणारा रेणू हा विषय कुठल्या ना कुठल्या निमित्ताने परत येत राहिला. पन्नाशीनंतर ते विल्मिंग्टनला रबराच्या, म्हणजे इलॅस्टोमरच्या विभागात गेले. तिथे त्यांना काही वेगळं, मोकळेपणाने करून बघायची मुभा होती. त्यांनी व्हॅनेडियम हा धातू निवडला. पॉलिमर बनवताना व्हॅनेडियमची संयुगं उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्यांना अनेक हातांचे फिनॉल लिगंड लावले तर त्यांचं वागणं कसं बदलतं, हे बघायचं होतं.

हवा तो लिगंड असा: मधे इथरची लवचीक साखळी, दोन्ही टोकांना एकेक बेंझीन कडं आणि प्रत्येक कड्यावर एक मोकळा हायड्रॉक्सिल गट. कच्चा माल कॅटेकॉल, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेलं फिनॉल. दोन्ही हायड्रॉक्सिल मोकळे ठेवले तर दोन्हीकडे अभिक्रिया होणार, म्हणून त्यातला एक आधी डायहायड्रोपायरॅन लावून झाकायचा. अर्ध्या झाकलेल्या कॅटेकॉलचं सोडियम हायड्रॉक्साइडने मीठ बनवायचं, ते ब्युटॅनॉलमध्ये बिस-क्लोरोएथिल इथरसोबत उकळायचं, शेवटी आम्ल घालून झाकण काढायचं. कागदावर सरळ रस्ता. पण झाकण लावण्याची पायरी कधी शंभर टक्के होत नाही, आणि साधारण १० टक्के कॅटेकॉल दोन्ही हायड्रॉक्सिल मोकळे घेऊन तसंच राहिलं होतं. पेडरसन यांना ते माहीत होतं. शेवटी शुद्धीकरण करावंच लागणार आहे, तर मधेच वेळ का घालवा, असा विचार करून ते मिश्रण त्यांनी पुढच्या पायरीला घेतलं. हा निष्काळजीपणा नव्हता. कामाचं गणित होतं. संश्लेषण करणारे असा निर्णय आठवड्यातून दोनदा घेतात.

हातात आलेल्या पांढऱ्या तंतूंचं काय करायचं, ते या गोष्टीतलं खरं काम.

फिनॉल आहे की नाही हे बघायची जुनी, स्वस्त आणि लगेच होणारी परीक्षा अशी: पदार्थ मिथेनॉलमध्ये विरघळवून अल्ट्राव्हायोलेट स्पेक्ट्रम घ्यायचा, मग सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून पुन्हा घ्यायचा. फिनॉल असेल तर अल्कली त्याचा हायड्रोजन काढून घेते आणि सुमारे २७५ नॅनोमीटरवरचा उंचवटा जास्त तरंगलांबीकडे सरकतो. हे तंतू मिथेनॉलमध्ये जेमतेम विरघळत होते. सोडियम हायड्रॉक्साइड घालताच ते सहज विरघळले. इथेच बहुतेकांनी ‘फिनॉल आहे’ असं लिहून पान उलटलं असतं. पण स्पेक्ट्रम फिनॉलसारखा सरकला नाही. उंचवटा जागेवरच राहिला, फक्त त्याचा आकार बदलला. इन्फ्रारेड आणि एनएमआर या रेणूतले गट ओळखायच्या दोन चाचण्यांत मोकळ्या हायड्रॉक्सिलची खूणही नव्हती. फिनॉलच नाही, तर अल्कलीने का विरघळावं?

पुढचा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याला कुठलंच यंत्र लागत नाही. अल्कलीऐवजी त्यांनी मिथेनॉलमध्ये विरघळणारी सोडियमची साधी लवणं घातली. आम्ल नाही, अल्कली नाही. तंतू विरघळले. म्हणजे परिणाम हायड्रॉक्साइडचा नव्हता, सोडियमचा होता.

आता रेणूभार. मूलद्रव्यांचं विश्लेषण ज्या सूत्राशी जुळत होतं, त्याचा भार १८०: एक बेंझीन कडं आणि एका छोट्या कड्यातले तीन ऑक्सिजन. प्रत्यक्ष रेणूभार मोजला तर ३६० निघाला, बरोबर दुप्पट. म्हणजे दोन कॅटेकॉल आणि दोन इथर साखळ्या मिळून एक मोठं कडं तयार झालं होतं. अठरा अणूंचं कडं, त्यात सहा ऑक्सिजन, दर दोन ऑक्सिजनांमध्ये दोन कार्बन, आणि मधोमध मोकळी जागा. त्या जागेत सोडियम बसत होता. सहाही ऑक्सिजन आतल्या बाजूला तोंड करून त्याला धरत होते आणि बाहेरच्या बाजूला फक्त कार्बन-हायड्रोजन उरत होते, म्हणून सगळा गट सेंद्रिय द्रावकात उतरत होता. रेणूची प्रतिकृती बनवून मधे आयन ठेवला तर ती मुकुटासारखी दिसते, म्हणून नाव ठेवलं क्राउन. कड्यातले एकूण अणू आधी आणि ऑक्सिजनची संख्या नंतर: डायबेंझो-१८-क्राउन-६. नियमांनुसार होणारं नाव इतकं लांब आहे की ते कोणी बोलत नाही.

याचं आश्चर्य समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. तांबं, कोबाल्ट, निकेल यांना लिगंड धरतात हे स्विस रसायनज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांच्यापासून माहीत होतं. सोडियम-पोटॅशियमची गोष्ट वेगळी. त्यांची रसायनं पाण्यात विरघळतात, आयन मोकळे फिरतात आणि कोणत्याही साध्या, उदासीन रेणूला दाद देत नाहीत, असंच सगळे शिकत आणि शिकवत होते. धातूला गुंडाळण्यात वर्षानुवर्षं मन अडकलेल्या माणसालाच ‘सोडियमसुद्धा गुंडाळला गेला आहे’ हे वाचता आलं. मधल्या काळात व्हॅलिनोमायसिनसारखी नैसर्गिक प्रतिजैविकं पोटॅशियमला पेशीच्या पडद्यापलीकडे नेतात हे जीवशास्त्रज्ञ पाहत होते.

मग ०.४ टक्क्यांवरून पुढे काय? पेडरसन यांनी झाकण लावायची पायरीच सोडून दिली. कॅटेकॉलचे दोन्ही हायड्रॉक्सिल मोकळे ठेवून सरळ बिस-क्लोरोएथिल इथरशी अभिक्रिया केली. उतारा सुमारे ४५ टक्के. अठरा अणूंचं कडं एका भांड्यात, तेही पातळ न करता इतक्या प्रमाणात बंद होणं हे त्या काळी अशक्यच वाटावं, कारण लांब साखळीची दोन टोकं एकमेकांना शोधण्याआधी शेजारच्या साखळीला जोडली जाऊन राळ होते. इथे सोडियम मधे बसून साखळीला स्वतःभोवती वळवतो आणि टोकं शेजारी आणून ठेवतो. लिथियमचं किंवा चतुर्थक अमोनियमचं हायड्रॉक्साइड वापरलं की उतारा घटतो. आयन पाहुणा तर होताच, बांधकामाचा साचाही तोच होता. पुढे या साच्याच्या कल्पनेवर सगळं क्षेत्र चाललं.

त्यांनी नंतर प्रसिद्ध केलेली कृती मोठ्या मापाची आहे. पाच लिटरचा फ्लास्क, ढवळणी, थेंबणी आणि रिफ्लक्सचा कंडेन्सर. ३३० ग्रॅम कॅटेकॉल, दोन लिटर ब्युटॅनॉल, १२२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. नायट्रोजनचं आवरण लागतंच, उष्ण अल्कलीत कॅटेकॉलला हवा लागली की ते काळं पडतं आणि डांबर होतं. उकळायला लागलं की २२२ ग्रॅम बिस-क्लोरोएथिल इथर थोड्या ब्युटॅनॉलमध्ये मिसळून दोन तासांत थेंब-थेंब सोडायचं. थोडा वेळ उकळून, किंचित गार करून, सोडियम हायड्रॉक्साइडची दुसरी तेवढीच मात्रा, आणि मग इथरची दुसरी मात्रा. हे दोन हप्ते विसरू नयेत. रात्रभर उकळल्यावर थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून उरलेली अल्कली मारायची, मग ब्युटॅनॉल ऊर्ध्वपातनाने काढत त्याच्या जागी पाणी घालत जायचं, वाफेचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत येईतो. शेवटी अॅसिटोन, गाळणी, पाण्याने भरपूर धुणं. पाण्याचं धुणं घाईने उरकलं तर तयार झालेलं मीठ कड्यात अडकून राहतं आणि वितळणबिंदू घसरतो. शुद्ध पदार्थ १६२ ते १६४ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. बिस-क्लोरोएथिल इथर विषारी आहे, त्वचेतून शिरतं. चांगल्या फ्यूम हुडशिवाय या कृतीला हात लावू नये.

बेंझीन कडी नसलेला साधा १८-क्राउन-६ करणं आणखी नाजूक. तो ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येतो, पण निर्वातात, जास्त तापमानाला. उष्णतेने कडं तुटून डायॉक्सेन तयार होतो आणि तापलेल्या भांड्यात हवा घुसली तर स्फोट होतो. असे अपघात नोंदले गेले आहेत. म्हणून नंतर एक फार सुंदर पर्याय निघाला. अशुद्ध, तेलकट क्राउनमध्ये अॅसिटोनायट्राइल हा द्रावक घालून बर्फ-अॅसिटोनच्या थंडीत ठेवायचं. क्राउन अॅसिटोनायट्राइलच्या रेणूंना धरतो आणि पांढरे स्फटिक खाली बसतात, अशुद्धी वरच्या द्रवात राहतात. मग निर्वातात सौम्य उबेला अॅसिटोनायट्राइल हळूच काढून घ्यायचं. पंप लावून मागे उरतो तो कोरडा, पांढरा क्राउन. हा पदार्थ पाणी झपाट्याने ओढतो, म्हणून बाटली लगेच बंद.

तो काम करतो की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. पोटॅशियम पिक्रेटचं पिवळं पाणी आणि खाली रंगहीन डायक्लोरोमिथेन. क्राउन घालून हलवलं की पिवळेपणा खाली उतरतो. किती उतरला ते स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं. पिक्रेट कोरडं झालं की स्फोटक, म्हणून नेहमी ओलं ठेवायचं आणि द्रावण पातळ. पोटॅशियम परमँगनेटचं दृश्य याहून देखणं: बेंझीनमध्ये कधीच न विरघळणारे ते खडे क्राउनसोबत विरघळतात आणि सगळं बेंझीन जांभळं होतं. ड्यूपाँतल्याच दोन रसायनज्ञांनी १९७२ मध्ये त्याचा उपयोग ऑक्सिडेशनसाठी दाखवला.

इथे एका सोप्या समजुतीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ती वर्गात फार पसरली आहे. १८-क्राउन-६ ची पोकळी सुमारे २.६ ते ३.२ अँग्स्ट्रॉम, पोटॅशियमचा व्यास २.६६, म्हणून तो पोटॅशियम निवडतो, आणि १५-क्राउन-५ सोडियम निवडतो, असं कुलुपात किल्ली बसावी तसं चित्र. १८-क्राउन-६ साठी आकडे जुळतात: मिथेनॉलमध्ये पोटॅशियमला तो सोडियमपेक्षा सुमारे पन्नास पट घट्ट धरतो. पण मिथेनॉलमध्येच मोजलं तर १५-क्राउन-५ पोटॅशियमला सोडियमइतकंच, किंचित जास्तच धरतो. आणि द्रावकच काढून टाकून वायुरूपात मोजलं तर १८-क्राउन-६ लिथियमला पोटॅशियमपेक्षा घट्ट धरतो. कारण लढत फक्त कड्याशी नाही. लहान आयनाभोवती द्रावकाचे रेणू घट्ट चिकटलेले असतात, ते सोलून काढायची किंमत मोठी. पोटॅशियमच्या बाबतीत ती कमी, म्हणून तो जिंकतो. मोठा आयन छोट्या कड्यात मावला नाही तर दोन कडी त्याला वरून-खालून धरतात. पेडरसन यांनीच असे दोनास एक संयोग दाखवले होते. दोन ऑक्सिजनांमध्ये दोनऐवजी तीन कार्बन ठेवले की पकड ढिली होते. ऑक्सिजनऐवजी गंधक ठेवला की पोटॅशियम सुटतो आणि चांदी अडकते. या सगळ्या चाचण्या त्यांनी एकेक रेणू बनवून केल्या.

किती रेणू? सुमारे साठ. पेटंटची कामं आटोपल्यावर १९६७ मध्ये जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटीत त्यांचा सविस्तर शोधनिबंध आला. वीस पानं, लेखक एकच. त्या वेळी ते ६२-६३ वर्षांचे होते आणि दोन वर्षांनी, १९६९ मध्ये निवृत्त झाले. त्याच निबंधांच्या वाचनातून कॅनडात पोस्टडॉक करणारा फ्रेझर स्टॉडार्ट क्राउनांकडे वळला. स्ट्रासबर्गमध्ये ज्याँ-मारी लेन मेंदूतल्या सोडियम-पोटॅशियमच्या हालचालींचा विचार करत होते. सपाट कड्याऐवजी तिन्ही दिशांनी बंद असलेली पिंजऱ्यासारखी रचना केली तर पकड किती घट्ट होईल हे त्यांनी १९६९ मध्ये क्रिप्टँड बनवून दाखवलं. पोटॅशियमसाठी ती पकड क्राउनच्या हजारो पट निघाली. ते क्रिप्टँड बनवणाऱ्यांत त्यांचा विद्यार्थी ज्याँ-पिएर सोव्हाज होता. कॅलिफोर्नियात डोनाल्ड क्रॅम यांनी वेगळा मुद्दा उचलला: आयन येण्याआधीच रेणू योग्य आकारात ताठ उभा असेल तर स्वतःला वळवायची किंमत द्यावी लागत नाही. पेडरसन, लेन आणि क्रॅम यांना १९८७ चं नोबेल एकत्र मिळालं. पेडरसन ८३ वर्षांचे आणि आजारी होते. १९८९ मध्ये ते गेले. तांब्याच्या आयनाला साचा करून एकात एक अडकलेली कडी बनवणारे सोव्हाज आणि मोठ्या क्राउनात पॅराक्वॅट हे तणनाशक अडकवण्यापासून रेणूंच्या यंत्रांपर्यंत गेलेले स्टॉडार्ट यांना बेन फेरिंगा यांच्यासोबत २०१६ चं नोबेल मिळालं.

पेडरसन यांच्या लेखनात विषारीपणाबद्दलही स्पष्ट इशारा आहे. डायसायक्लोहेक्सिल-१८-क्राउन-६ उंदरांना पोटातून दिला तर मारक ठरतो आणि त्वचेला, डोळ्यांना इजा करतो, हे त्यांनी सुरुवातीलाच नोंदवलं. पेशीतला पोटॅशियम उचलून नेणारा रेणू निरुपद्रवी कसा असेल? हातमोजे घालूनच बाटलीला हात लावावा.

आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात याच कुळातला एक रेणू कामाला लागला आहे. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेनंतर उरणाऱ्या तीव्र किरणोत्सारी, नायट्रिक आम्लाच्या द्रावणात सीझियम-१३७ असतो, अर्धायुष्य तीस वर्षं. त्या द्रावणात सोडियम अफाट आणि सीझियम थोडा, म्हणजे नेमकी निवड लागते. कॅलिक्स-क्राउन-६ या रेणूत कॅलिक्सअरीनच्या बेंझीन कड्यांच्या पेल्यावर सहा ऑक्सिजनांचा क्राउनचा पूल बांधलेला असतो. सीझियम एकाच वेळी ऑक्सिजनांना आणि बेंझीनच्या पृष्ठांना टेकतो, सोडियमला ती जागा सैल पडते. सेंद्रिय थरात मिसळलेला हा क्राउन आम्लातून सीझियम उचलतो. मग तो सोडवून घ्यायचा, कारण नुसतं धरून काय उपयोग? आम्लाची आणि नायट्रेटची तीव्रता उतरवली, जवळजवळ पाण्याशीच गाठ घातली, की सीझियम परत पाण्यात येतो आणि क्राउनचा थर पुन्हा वापरता येतो. वेगळा केलेला सीझियम काचेत ओतून त्याच्या कांड्या केल्या जातात, आणि त्यांचे गॅमा किरण रक्तपेढीतल्या पिशव्यांवर सोडून दात्याच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, निष्क्रिय केल्या जातात. या क्राउनचा खर्च मोठा आणि किरणोत्साराने तो हळूहळू झिजतो, म्हणून तो सेंद्रिय थरात अगदी कमी तीव्रतेला ठेवतात.